राजीनामा, मुक्काम गढा

मदनमहल स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते आणि माझ्या अंगात सांगलीच्या थंडीपुरता स्वेटर होता. सांगलीत थंडी पडली म्हणजे काय, तर पहाटे उठून पंखा बंद करायचा. इथे फलाटावरची माणसं कानटोपी, त्यावर मफलर आणि त्यावर शाल अशा बंदोबस्तात उभी होती. उघडे होते ते फक्त डोळे आणि तेही माझ्या स्वेटरकडे बघून हसत होते. मी ताठ मानेने चालत राहिले. दात वाजत असताना ताठ मानेने चालणं किती अवघड असतं, हे करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

मी शाळेत मराठी शिकवते. एकोणतीस वर्षं झाली. दुसऱ्याच्या बोलण्यात चूक ऐकू आली की माझा हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे जातो. सवय वाईट आहे. घरचे मला तसं सांगतातही, पण सांगताना 'माझी मदत कर' असं म्हणतात, आणि मग मला त्यांना आधी 'मला' शिकवावं लागतं.

जबलपूरला यायचं कारण म्हणजे आमचे दत्तूमामा. आईचे मावसभाऊ. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या अमदानीत चाकरीसाठी इकडे आले आणि गढ्यात राहिले ते राहिलेच. मामांनी संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले, आणि दरवर्षी मला बोलावत राहिले. मी दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणायचे. या वेळी त्यांचा फोन आला तो वेगळाच होता. "वैशू, यायचं असेल तर आत्ता ये. संक्रांतीनंतर आम्ही नागपूरला चाललो, पोरीकडे. कायमचे. मग गढ्यात कोणाला भेटशील?"

आठ पिढ्यांचं घर सोडून कायमचे? का, ते फोनवर सांगेनात. मी तिकीट काढलं.

स्टेशनाबाहेर ई-रिक्षांची रांग होती. पहिल्याच चालकाने मान वर करून विचारलं, "काय दीदी, कहाँ जाना?"

'काय' ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. परक्या मुलखात उतरल्या उतरल्या आपला माणूस. मी मोकळेपणाने सुरू झाले: अहो, गढ्याला जायचंय, पंचमठ्याच्या देवळापुढे, जरा सावकाश घ्या, रात्रभर गाडीत कंबर अवघडलीय, आणि तुम्ही मूळचे कुठले? त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारच्या चालकाला विचारलं, "काय बड्डे, का कह रईं जे?" (काय म्हणतायत या?)

'बड्डे' म्हणजे दोस्ता, भाऊ. आणि 'काय' हे इथल्या बुंदेलीत 'का हो' म्हणून हाक मारायला वापरतात, त्याचा आपल्या 'काय'शी काही संबंध नाही. हे मला शेजारच्या चालकाने समजावलं. मी 'गढा' एवढंच पुन्हा म्हटलं. "हओ" (बरं, हो), चालक म्हणाला, आणि निघालो.

गढा म्हणजे जबलपूरच्या पोटातलं एक अख्खं जुनं गाव. कोणे एके काळी गोंड राजांची राजधानी होती, जबलपूर तेव्हा कोपऱ्यात कुठेतरी होतं. आता जबलपुराने त्याला चारही बाजूंनी मिठी मारलीय, पण गढेकर अजूनही बाजारात जाताना "शहरात जाऊन येतो" म्हणतात. एका बाजूला काळ्या गुळगुळीत शिळांच्या टेकड्या, त्यांतल्या एका शिळेवर मदनमहालाचा चिमुकला किल्ला. टेकडीखाली तलाव, तलावाकाठी देऊळ, देवळाला चिकटून घर, घराला चिकटून दुकान, आणि दुकानाच्या फळीवर मोटारसायकल चढवून ठेवलेली. बांगड्या, लोखंडी कढया, औषधं, लग्नपत्रिका, रजया पिंजून देणारा, आणि या सगळ्यांच्या मधून डबे अडकवून रिछाईच्या कारखान्यांकडे निघालेले कामगार. एका वळणावर जैन मंदिराची घंटा आणि मशिदीजवळच्या चहावाल्याचा रेडिओ एकदम ऐकू आले. मी दोन्हींकडे मान वळवीपर्यंत रिक्षा मटारात घुसली.

खरोखर मटारात. जबलपूरचा मटार हिवाळ्यात सगळीकडे सांडलेला असतो. गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर त्याचा हिरवा डोंगर होता. गाडीवाला मागे हटेना, आमचा चालक मागे हटेना, दोघांनी एकमेकांना बराच वेळ 'बड्डे' म्हटलं. शेवटी मी उतरले आणि बॅग ओढत गल्लीत शिरले.

मामांच्या घरापुढे एक चमत्कारिक वस्तू होती. सिमेंटचा एक बाक रस्त्यात उलटा पडलेला. चारी पाय आभाळाकडे. त्या पायांच्या मध्ये वर्तमानपत्र घेऊन एक गोरेपान, भरघोस मिशांचे सत्तरीचे गृहस्थ बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान तुकवली. मीही तुकवली. तेवढ्यात दारातून मामांचा आवाज आला.

"आलीस? काहून इतका उशीर झाला? मी सकाळपासून वाट पाहून राहिलो."

'काहून', 'पाहून राहिलो'. माझा हात पर्सकडे गेला, मी तो मागे घेतला आणि मामांच्या पाया पडले. मामी आतून मटार सोलतच आल्या. गढ्यात हिवाळ्यात कोणीही रिकाम्या हाताने बसत नाही, मटार सोलतं. पाच मिनिटांत माझ्याही मांडीवर ताट आलं.

"ते बाहेर बसलेत ते कोण?" मी विचारलं.

मामींनी डोळ्यांनी खूण केली, विचारू नको. मामा मात्र उठले, अंगणातल्या सामाईक भिंतीजवळ गेले आणि तोंड भिंतीकडे करून मोठ्याने म्हणाले, "तो? तो तिवारी. मोहल्ला समितीचा अध्यक्ष. मिशांना तूप लावतो आणि डोकं कोरडं ठेवतो."

"अहो मामा, ऐकू जाईल."

"जाऊ दे न. मराठी आहे. त्याला काय समजते?"

दुपारी मामा मला गढा दाखवायला घेऊन निघाले आणि चालता चालता सगळं बाहेर आलं. तिवारीजी शेजारी, एकतीस वर्षांपूर्वी पलीकडचं घर घेऊन राहायला आले. रेल्वेत होते. दोघांची गट्टी जमली. समिती निघाली तेव्हा तिवारीजी अध्यक्ष झाले आणि मामा सचिव. नळाच्या वेळा, दुर्गापूजेचा मांडव, कोणाच्या लग्नात गल्ली कधी बंद ठेवायची, बावीस वर्षं सगळे कागद मामांच्या हातचे. मग गेल्या चैत्रात महानगरपालिकेने गल्लीला एक बाक दिला. मामा म्हणाले, आमच्या दारच्या कडुनिंबाखाली ठेवा, उन्हाळ्यात सावली. तिवारीजी म्हणाले, आमच्या दारी ठेवा, हिवाळ्यात ऊन. दोन्हीकडच्या ओढाताणीत बाक रस्त्यात उलटला तो तसाच राहिला, आणि भर सभेत आवाज चढले. आणि तिवारीजींच्या तोंडून निघून गेलं, "आप लोग तो बाहर से आए हैं, आपको गढा का क्या पता."

मामा सूपाताल तलावाच्या काठावर थांबले. पाण्यात शिंगाड्याच्या वेली पसरल्या होत्या आणि दोन माणसं डोंग्यातून शिंगाडे तोडत होती.

"बाहर से," मामा म्हणाले. "माझा पणजोबा या तलावात पोहला, वैशू. मी पोहलो. पोरगी इथेच बुडता बुडता वाचली. आणि मी बाहरचा. तिकडे पुण्या-मुंबईत गेलो तर आमचं बोलणं ऐकून लोक म्हणतात, तुम्ही हिंदीवाले दिसता. इथे म्हणतात मराठा. मग मी आहे तरी कुठला?"

तोपर्यंत दिवसभरात मी मनातल्या मनात मामांच्या सतरा चुका काढल्या होत्या. माझी मलाच लाज वाटली.

परतताना बाजारातून आलो. कुंडमकडच्या जंगलातून आलेली एक गोंड बाई आवळे आणि पत्रावळींचे गठ्ठे घेऊन बसली होती. तिच्या शेजारी एक तमिळ अम्मा इडल्या विकत होती, नवरा कारखान्यात होता म्हणून इकडे आली ती इकडचीच झालेली. दोघी एकमेकींशी बुंदेलीत भांडत होत्या. विषय होता सावली कोणाची. गल्लीतले शिंपी रफीकभाई आम्हाला पाहून उठले आणि त्यांनी मला स्टूल दिलं. आठ महिने मामा आणि तिवारीजी एकमेकांशी बोललेले नाहीत. जे बोलायचं ते रफीकभाईंना सांगायचं, आणि त्यांनी मशीन थांबवून पलीकडे जाऊन सांगायचं.

"दीदी, इनका निरोप पहुँचाते-पहुँचाते हमारे तीन ब्लाउज बिगड़ गए," ते हळूच म्हणाले. 'निरोप' हा शब्द त्यांनी इतका सहज वापरला की त्यांनीच मागवलेले मंगोडे (मुगाची गरम भजी) आनंदाने माझ्या घशात अडकले. पाणी पिऊन शांत होईपर्यंत मामांनी जाहीर केलं की आजच सोक्षमोक्ष लावायचा. समिती सोडायची आणि मग गढा सोडायचा.

संध्याकाळी मामांनी कागद समोर ठेवला. "लिही. मराठीत लिही. बाहरचा म्हणते न? मग बाहरच्याच भाषेत घे म्हणावं."

"मी कशाला? तुम्ही लिहा की."

"माझं शिक्षण सगळं हिंदीत. मराठी घरातलं आहे, कागदावर चढत नाही. तू मास्तरीण आहेस. असं लिही की शुद्ध तुपासारखं वाटलं पाहिजे."

आता हे माझ्यासारखीला सांगायची गोष्ट आहे का? मला मामांच्या वतीने राग आलेलाच होता. शिवाय सांगलीच्या बाईला कोणाला उपरोधाने लिहायला सांगणं म्हणजे लहान मुलाला गुळाची ढेप देऊन 'थोडा खा' म्हणण्यासारखं आहे. मथळा एकाच शब्दाचा असावा, असं मी मुलांना शिकवते. मध्यभागी मोठ्या अक्षरांत 'राजीनामा' लिहिलं आणि खाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या. मग मजकूर:

'माननीय अध्यक्ष महोदय, गेली बावीस वर्षे आपल्यासारख्या विद्वान आणि मृदुभाषी अध्यक्षांच्या सहवासात काम करण्याचे भाग्य मला लाभले. चैत्रातल्या सभेत आपल्या मधुर वाणीचा जो प्रसाद मिळाला, तो मी आजन्म विसरणार नाही. गढ्याचे जे सखोल ज्ञान आपणास आहे, ते माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला कोठून असणार? तरी मला या जबाबदारीतून मोकळे करावे, ही नम्र विनंती.'

मामांनी वाचायला लावलं. एकदा, दोनदा. 'मधुर वाणीचा प्रसाद' येताच ते मांडीवर थाप मारायचे. मामी हसल्या नाहीत. त्या मटाराच्या शेंगा नुसत्याच मोडत होत्या, दाणे काढायचं विसरून.

"नागपूरला आपल्याला कोण ओळखते हो," त्या एवढंच म्हणाल्या. मामांनी ऐकलं नाही की न ऐकल्यासारखं केलं, कोण जाणे. सही करून ते कागद घेऊन रफीकभाईंकडे गेले.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे सामसूम होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला दार वाजलं. दारात तिवारीजी, धुतलेल्या पांढऱ्या कुर्त्यात, मिशा विंचरलेल्या, हातात खोवा जिलबीचा पुडा. (ही जिलबी खव्याची, काळपट तपकिरी, गुलाबजामाच्या घरातली पण जिलबीच्या आकाराची. जबलपूरकर तिच्यावर पैजा लावतात.) मागे रफीकभाई, गळ्यात मापाची टेप.

मामा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

"भाऊसाहब," तिवारीजी म्हणाले, "कागज मिला. हमने तो माथे से लगा लिया. आठ महीने से सोच रहे थे कि पहल कौन करे. आपने कर दी. दिल बड़ा हो तो आप जैसा हो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामींकडे पाहिलं.

"आपको समझ में आया, क्या लिखा है?" मामांनी सावधपणे विचारलं.

"सब तो नहीं. पर आपने हमें विद्वान लिखा, मृदुभाषी लिखा, हमारी वाणी को प्रसाद कहा. इतना कौन लिखता है आजकल? और ऊपर तो मोटे अक्षर में लिखा ही है, राजीनामा. हमने भी अपने दस्तखत कर दिए. रफीकभाई गवाह हैं."

त्यांनी कागद उलगडला. खाली मामांच्या सहीशेजारी त्यांची सही होती, आणि कोपऱ्यात 'गवाह' लिहून रफीकभाईंची.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला तेवढा वेळ लागला. आपल्याकडे राजीनामा म्हणजे पद सोडल्याचा कागद. हिंदीत त्याला इस्तीफा किंवा त्यागपत्र म्हणतात. इकडच्या कचेरीत राजीनामा म्हणजे भांडणाऱ्या दोन पक्षांनी राजीखुशीने केलेला समझोता. अक्षरं तीच, कानामात्रा तीच. त्या बिचाऱ्या माणसाला वाटलं, मामांनी तह पाठवला. आणि माझा सगळा उपरोध, ज्याच्यावर मी रात्री स्वतःवरच खूश होऊन झोपले होते, तो त्यांनी स्तुती म्हणून वाचला होता.

चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. मी पुढे झाले. "तिवारीजी, माफ कीजिए, वह जो शब्द है न..."

माझं तोंड उघडं होतं तेवढ्यात मामींनी त्यात अख्खी जिलबी घातली.

"आधी तोंड गोड कर बाई," त्या म्हणाल्या. मग तिवारीजींकडे वळून, डोक्यावरचा पदर सारखा करत, "हाँ भाईसाहब, राजीनामा ही है."

मी चघळत उभी राहिले. खोवा जिलबी चिवट असते, पटकन गिळता येत नाही, हे मामींना पक्कं ठाऊक होतं. सगळं आता मामांवर होतं. त्यांनी एक शब्द बोलायचा अवकाश होता, इस्तीफा, की नागपूरची गाडी पक्की.

तिवारीजींनी घसा साफ केला. "और वो बाहर वाली बात. हमारे बब्बा (आजोबा) रीवा से आए थे, भाऊसाहब. इस गली में तो हम आपके बहुत बाद आए. किस मुँह से बोल गए, पता नहीं. उस दिन से ठीक से नींद नहीं आई."

मामांनी कागद हातात घेतला. चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचला, जणू पहिल्यांदाच बघत होते. मामी श्वास रोखून उभ्या होत्या. मीही, जिलबीसकट.

"दस्तखत गलत जगह किए हैं," मामा अखेर म्हणाले. "बाईस साल हो गए, अभी तक नहीं सीखे. सचिव बाएँ, अध्यक्ष दाएँ. चलो, फिर से करो."

तिवारीजींनी निमूटपणे दुसरी सही केली. मामी आत गेल्या, त्या पोह्यांची तयारी करायला गेल्या असं मला वाटलं. मागोमाग गेले तर त्या ओट्याला धरून रडत होत्या.

"तिखट लागलं का?" मी मुद्दाम विचारलं.

"कांदा आहे," त्या म्हणाल्या. कांदा अजून चिरायचा होता.

त्यानंतर बाक सरळ करण्याचा सोहळा झाला. पाच माणसं लागली. इडलीवाल्या अम्मा सूचना द्यायला आल्या. रफीकभाईंनी गळ्यातली टेप काढून दोन्ही दारांपासून अंतर मोजलं, ब्लाउजच्या हिशोबाने अर्धा इंच शिवणीत धरला, आणि बाक बरोबर मध्ये आला. अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. दोघे म्हातारे दोन टोकांना बसले आणि पाचच मिनिटांत दुर्गापूजेच्या मांडवावरून वाद घालू लागले. पण थेट, रफीकभाईंना मध्ये न घेता. ते बिचारे सुटका झाल्यासारखे मशीनकडे पळाले.

दुपारी मामा एकटे सापडले तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"जिलबीचा पुडा पाहिला तेव्हाच. साठ वर्षं हिंदीत काढली बेटा, राजीनामा म्हणजे काय ते मला समजत नाही का? लिहिताना मात्र रागात ध्यानात नाही आलं."

"मग सांगितलं का नाही?"

"काहून सांगू? तू मराठीची मास्तरीण. तू लिहिलं ते बरोबरच असेल." मग आवाज खाली आणून, "त्याला सांगू नको बरं. त्याचा गैरसमज झाला तर असू दे. माणूस मनाने चांगला आहे, मराठी येत नाही एवढंच."

मामी तोवर नागपूरला लेकीशी फोनवर बोलत होत्या. "नाही, आम्ही येऊन नाही राहिलो. अगं तब्येत ठीक आहे. समितीला सचिव लागते न."

उरलेले तीन दिवस मी गढ्यात नुसती हिंडले आणि खाल्लं. मदनमहालाच्या टेकडीवर चढताना एका शिळेवरून घसरले आणि बसले ती थेट एका सहलीच्या डब्यात. पुऱ्या होत्या. ज्यांच्या होत्या त्या कुटुंबाने मला उठवायच्या आधी लोणचं हवं का ते विचारलं. पंचमठ्यात पुजाऱ्याने कुठून आलात विचारलं, सांगली म्हणाल्यावर 'मराठों वाली?' म्हणाला आणि दोन फुलं जास्त दिली. त्याच्या लेखी मराठे म्हणजे दत्तूमामा, आणि दत्तूमामा म्हणजे गढ्याचे.

निघायच्या दिवशी मामांचा गुडघा धरला होता, म्हणून तिवारीजींनी मला स्कूटरवरून स्टेशनला सोडलं. बॅग पुढे, मटाराची पिशवी मध्ये, मी मागे. गाडी वीस मिनिटं उशिरा होती. आम्ही फलाटावर उभे होतो. त्यांनी मिशांवरून हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले,

"वैशालीताई, एक सांगू का? पत्र चांगलं लिहिलं तुम्ही. पण काहून इतकं टोचून लिहिलं?"

हातातली मटाराची पिशवी मी खाली ठेवली. पडली असती नाहीतर.

"तुम्हाला मराठी येते?"

"लग्नाआधी सात वर्षं नागपूरला होतो, रेल्वेत. ज्यांच्या घरी खोली होती त्या काकू हिंदीत विचारलं तर जेवायलाच वाढत नव्हत्या. शिकलो."

"म्हणजे तुम्ही सगळं..."

"मधुर वाणीचा प्रसाद," ते हसले. "दोन वेळा वाचलं ते. बरोबर जागी लागलं. लागायलाच पाहिजे होतं."

"आणि मामा भिंतीशी उभं राहून जे बोलतात ते?"

"एकतीस वर्षं ऐकून राहिलो. सुरुवातीला सांगायचं राहून गेलं. मग भाऊसाहेब इतके मोकळे बोलायचे, की वाटलं, सांगितलं तर बिचारे बोलतील कुठे? ऑफिसात साहेबाशी भांडण झालं तरी माझ्या नावाने बोलायचे. मन हलकं करून झोपायचे. मग पंधरा दिवसांआधी भिंतीपलीकडून ऐकलं की सामान बांधायचं आहे. संक्रांतीनंतर." त्यांनी माझी बॅग फलाटाच्या कडेपासून जरा आत ओढली. "घरी बायको म्हणाली, जा न, माफी मागा. पण जायला काही निमित्त तर पाहिजे. हात हलवत जाऊन त्यांच्या दारात कसा उभा राहू? तेवढ्यात तुमचा कागद आला."

"पण तो राजीनामा होता, तिवारीजी. खराखुरा राजीनामा."

"मला दोन्ही भाषा येतात," ते म्हणाले. "कोणत्या भाषेत वाचायचं, ते माझ्या हातात होतं."

गाडी आली. त्यांनी बॅग चढवून दिली, आणि खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "भाऊसाहेबांना सांगू नका. त्यांना वाटून राहिलं की माझा गैरसमज झाला. वाटू दे."

गाडी हलली तशी मी हसायला लागले, आणि इटारसी येईपर्यंत मधूनमधून डोळे पुसत होते. समोरच्या बाईंनी न विचारता मला आपली शाल दिली.

सांगलीला आल्यावर दोन दिवसांनी मी मोबाइल उघडून एक जुना निरोप शोधला. तीन वर्षांपूर्वी मला तालुक्याचा शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा माझ्या धाकट्या जावेने पाठवलेला. तीनच शब्द: 'शेवटी मिळाला एकदाचा.' त्यातल्या 'एकदाचा'वर मी अडले होते. माझ्यासारख्या व्याकरण जाणणाऱ्या बाईला त्यातला टोमणा कळणार नाही, असं कसं होईल? मी उत्तर दिलं नाही. तिनेही मग काही लिहिलं नाही. सणासमारंभाला भेटलो की आम्ही एकमेकींच्या साड्यांची चौकशी करायचो, बाकी काही नाही. एकाच गावात, रिक्षाने दहा मिनिटांवर.

मी ते तीन शब्द पुन्हा वाचले. मोठ्याने, जरा हसून. ज्याची फार दिवस वाट पाहिली तो आल्यावर माणूस म्हणतं, आला बाई एकदाचा. तसे. शब्द तेच होते, कानामात्राही तीच. आणि मला एकदम फार वाईट वाटलं, तीन वर्षांचं एकदम.

मी फोन लावला. तिने तो लगेच उचलला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही," मी म्हटलं. "घरी आहेस का? निघतेय मी."